खाली उतरलंय का?

प्रिय योगीदादा,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. म्हणून आज क्लासच्या मुली घरी गेल्यावर शिवणयंत्रावरच कागद ठेवून लिहायला बसले. खालापूरहून कशेळे काही परदेशात नाही, बस बदलत बदलत दुपारपर्यंत तुझ्या दारात उभी राहिले असते. पण समोरासमोर आलो की मी ओरडते, तू गप्प बसतोस आणि शेवटी मीच रडत परत येते. कागदावर तसं होणार नाही. हे पत्र का लिहिलं ते मी अगदी शेवटी सांगणार आहे. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, चुरगळून चुलीत टाकशील. लहानपणापासून ओळखते तुला. तेव्हा एवढं तरी कर, शेवटपर्यंत वाच.

घरी तसं बरं चाललंय. सासूबाईंचा गुडघा थंडीने धरलाय, तरी वालाच्या शेंगा तोडायला परसात जातातच. रियाची बारावी आहे, पोरगी कर्जतला क्लासला जाते, अभ्यास करते की मोबाइल बघते ते तिचं तिलाच माहीत. संतोष टेंपो पुन्हा चालवायला लागलाय, फक्त जवळच्या फेऱ्या, आणि चढवण-उतरवण करायला माणूस सोबत घेतो. आणि मी? मला वर्षभरात फार किळस आली, दादा. रक्ताची आली, वासाची आली, बाथरूममधल्या बादलीची आली. पण ती सवयीने गेली. माणसांची जी आली ती अजून जात नाही. त्या माणसांत तू आहेस.

तू आणि संतोष मोहोपाड्याच्या बाजूला त्या रंगाच्या कारखान्यात एकाच खात्यात होतात तेव्हाचं मला सगळं आठवतं. पावडरीच्या गोणी फोडून टाकीत ओतायच्या, हेच तुमचं काम. तुझा रुमाल पिवळा, बनियन पिवळी, उशीचा अभ्रासुद्धा पिवळा. आई तुझे कपडे वेगळ्या घमेल्यात उकळायची. तू पहिल्यांदा संतोषला गणपतीत घरी घेऊन आलास तेव्हा त्याची नखं बघून मी फिदीफिदी हसले होते, आणि आई म्हणाली होती, "याला तं हळद आधीच लागलीय." लग्न तूच जमवलंस. माझ्या सासरच्या लोकांशी तूच बोललास, मांडवात नाचलासही तूच. पुढे तो कारखाना बंद पडला, त्याने टेंपो घेतला, तू मुंबईवाल्यांची फार्महाऊसं सांभाळायला लागलास. पण रविवारी तुम्ही दोघं एकत्र नाही असं क्वचितच व्हायचं. मला त्याचं बरं वाटायचं. भाऊ आणि नवरा मित्र असले की बाईला माहेर लांब वाटत नाही.

मागच्या थंडीत एक दिवस संतोष बाथरूममध्ये फार वेळ पाणी ओतत होता. बादलीमागून बादली. मी म्हटलं, काय विहीर रिकामी करतोयस? तो बाहेर आला आणि मी आत गेले, तर पांढऱ्या फरशीच्या सांध्यात गुलाबी रेघ राहिलेली. दुखत नाही, जळजळ नाही, नुसतं रक्त. मी विचारलं तर म्हणाला, "उष्णता हाय गं. योगी बोलला, ताक पी." म्हणजे माझ्या घरात, माझ्या नवऱ्याच्या लघवीतून रक्त जात होतं आणि ते तुला माहीत होतं, मला नाही. पावसाळ्यापासून मधून मधून जात होतं म्हणे. रोज त्याचे कपडे मी धुतले, आणि तो आपली चड्डी आधी स्वतः खळबळून ठेवत होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा शिसारी आली. रक्ताची नाही, त्या चोरून धुण्याची.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी माझ्या बाजूने सांगते, कारण तू माझ्या बाजूने ते कधी बघितलंच नाहीस. गावच्या डॉक्टरांनी आधी जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या. मग कर्जतला सोनोग्राफी केली, तिथल्या डॉक्टरांचा चेहरा बदलला आणि त्यांनी आम्हाला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे दुर्बीण घालून गाठ खरवडली. रिपोर्ट आला तेव्हा तू आमच्यासोबत होतास. त्या डॉक्टरबाई तशा तरुण होत्या, पण घाई न करता बोलल्या. कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूत घुसलाय, मूत्राशय काढावं लागेल, आणि पुरुषांत त्याच्याबरोबर प्रोस्टेटही काढतात. संतोषने विचारलं, ते का? त्यांनी कागदावर चित्र काढलं. मी ते चित्र घरी सासूबाईंना माझ्या भाषेत समजावलं: लघवीची पिशवी म्हणजे घागर, प्रोस्टेट म्हणजे तिच्याखालची चुंबळ, आणि लघवीची वाट त्या चुंबळीच्या भोकातून खाली जाते. गाठ घागरीच्या बुडाशी, ती वाट सुरू होते तिथेच होती, चुंबळीला टेकून. शिवाय आतल्या अस्तरावर ठिकठिकाणी लाल चट्टे दिसले होते.

संतोषने मान खाली घालून विचारलं, "ती खालची ठेवता येईल का?" बाईंनी त्याला उडवून लावलं नाही. म्हणाल्या, काही जणांची थोडी ठेवता येते, त्याने नवरा-बायकोचे संबंध टिकायची आणि आतड्याची नवी पिशवी करून रोजच्या वाटेने लघवी करायची शक्यता वाढते, नाहीतर पोटाला बाहेरून पिशवी लावावी लागते. पण आधी बघायला हवं की आजार खाली उतरलाय का. "गाठीची जागा आणि ते चट्टे बघता मला वाटतं उतरला असेल. पण हा अंदाज आहे. त्या वाटेतले बारीक तुकडे घेऊन तपासू. तुकडे स्वच्छ आले तरी शंभर टक्के खात्री देणार नाही, पण ठरवायला आधार मिळेल." इतकं सरळ त्यांनी सांगितलं. आणि तू काय विचारलंस आठवतंय? मी शेजारच्या खुर्चीत बसलेली असताना तू विचारलंस, "म्हंजे हा पुरुष ऱ्हानार नाय?" बाई तुझ्याकडे वळून म्हणाल्या, "हा माणूस राहावा म्हणून आपण बोलतोय." बाहेर आल्यावर तू त्यांना उर्मट म्हणालास.

मग ती ओट्यावरची बैठक. चुलत सासरे आबाजी, त्यांचे दोन मुलगे, शेजारचे आणखी कोण कोण, आणि तू. माझ्या नवऱ्याच्या पोटाखालच्या भागाची चर्चा करायला अख्खा ओटा भरला होता, जणू बांधाची मोजणी होती. मी आत चहा गाळत होते. दार उघडं होतं, आणि आबाजी कानाने अधू असल्यामुळे मोठ्याने बोलतात हे तुला माहीत आहे. ते म्हणाले, "टाकी काढू दे, आमी नाय म्हनत नाय. पन मर्दाची गोष्ट काढली तं घरात उरनार काय? बायको अजून तरनी हाय. उद्या तिनं दुसऱ्याच्या दाराकडं बघितलं तं दोष कुनाला देनार?" कुणीतरी हसलं. दादा, तिथे माझा सख्खा भाऊ बसला होता. मी गाळणी हातात धरून वाट बघत राहिले की आता तू काहीतरी बोलशील. मी उंबऱ्यापाशी आले तेव्हा तू मोबाइलवर बोट फिरवत होतास. मला तेव्हा जे वाटलं त्याला किळस हाच शब्द आहे.

बोलल्या त्या सासूबाई. त्यांनी माझ्या हातातला ट्रे घेतला, बाहेर जाऊन आबाजींच्या समोर आपटला, चहा बश्यांत सांडला. म्हणाल्या, "मला ल्योक जिता पायजे. त्याचं काय ऱ्हातंय नि काय जातंय ते तो नि त्याची बायको बघतील. तुमी चा प्या नि घरला जा." माझं आणि त्यांचं वीस वर्षांत किती वेळा पटलंय हे तुला माहीत आहे. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायची तेवढी राहिले.

पण संतोषच्या मनात ते शब्द रुतले होते, आणि तू ते ओळखलंस. तुकडे काढायची तारीख दोनदा पुढे ढकलली ती तुझ्या सांगण्यावरून. "आधी एका वैद्याला दाखवू, तो लघवी बघून सांगतो पसरनार का नाय. कापाकापी करायची गरजच नाय पडनार." मी नको म्हटलं, भांडले, शेवटी सोबत आले, कारण त्याला एकट्याला तुझ्याबरोबर पाठवायचा मला धीर होईना. डोंगराच्या पायथ्याशी, एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये तो माणूस बसायचा. कोंबड्यांचा वास भिंतींना तसाच होता आणि त्यावर उदबत्त्या. बाकावर माणसं रांगेने बसलेली, प्रत्येकाच्या हातात सकाळच्या लघवीची बाटली. कुणाची शीतपेयाची, कुणाची खोकल्याच्या औषधाची. एका म्हाताऱ्याची गळत होती, त्याच्या धोतरावर डाग पसरत होता आणि तो देवळात बसावं तसा हात जोडून बसला होता. त्या वैद्याने संतोषची बाटली काचेच्या वाटीत ओतली. लाल होती ती, त्यात बारीक गुठळ्या. त्याने करंगळी बुडवली, नाकाशी नेली. मग त्याच हाताने तिळाच्या तेलाचा थेंब सोडला आणि आम्ही सगळे श्वास रोखून तेलाकडे बघत राहिलो. तेल एका बाजूला जरासं लांबलं. तो म्हणाला, "पूर्वेला गेलं. आजार वरच्या वर हाय. खाली उतरलेला नाय, उतरनार बी नाय." आणि त्याच करंगळीने त्याने संतोषच्या कपाळाला अंगारा लावला.

तुझा चेहरा काय फुलला होता तेव्हा! तू संतोषला मिठी मारलीस. जीपस्टँडवर येऊन पेढे घेतलेस आणि एक माझ्या तोंडाशी आणलास. मी रस्त्याच्या कडेला करवंदीच्या जाळीत ओकले. तू म्हणालास, भाविकाला गाडी लागली. मला गाडी लागली नव्हती दादा. एक शिकलेला माणूस, कारखान्यात सुरक्षेचे बोर्ड वाचून दाखवणारा माझा भाऊ, दुसऱ्याच्या मुतात तेल पसरताना बघून देवाचे आभार मानत होता, ते मला लागलं होतं.

त्यानंतर त्या वैद्याचा काळा काढा आला. घरभर त्याचा वास, जळक्या रबरासारखा. डॉक्टरबाईंच्या हॉस्पिटलातून फोन यायचे आणि संतोष ते कट करायचा. मी ओरडले, रियाने अबोला धरला, सासूबाई एक दिवस जेवल्या नाहीत. तो ऐकायचा, मान हलवायचा आणि काढा प्यायचा. रक्त मधे थांबलंही, तेव्हा तू फोनवर मला म्हणालास, "बघ." ते थांबणं आणि पुन्हा सुरू होणं हा त्या आजाराचाच स्वभाव आहे, असं मला डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं.

भात लावणीच्या दिवसांत, भर दुपारी, त्याची लघवी पूर्ण बंद झाली. रक्ताच्या गुठळ्यांनी वाट बुजली होती. माझा धिप्पाड नवरा पडवीच्या खांबाला धरून गुरासारखा ओरडत होता. पोट ताशासारखं तट्ट. शेजारच्या मुलाने टेंपो काढला, मी मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, आणि तुला फोन लावत राहिले. तू आलास, हॉस्पिटलच्या दारात भेटलास. नर्सने नळी घातली आणि पिशवीत जे आलं ते तू बघितलंस. लिव्हरच्या तुकड्यांसारख्या गुठळ्या. तू भिंतीला टेकलास, पांढरा पडलास आणि निघून गेलास. मला वाटलं पाणी प्यायला गेला. तू गेलास तो गेलासच.

दुसऱ्या दिवशी तो शुद्धीत, शांत पडलेला असताना मी त्याला विचारलं की त्या तेलावर तुझा खरंच विश्वास बसला होता का? त्याने नळी चादरीखाली सारली. मग म्हणाला, "नाय गं. कुनाचा बसल? पन तो जे बोलला ते मला ऐकायचं होतं." आणि मग असं म्हणाला की मला अजून झोपेतून जाग येते ते ऐकू येऊन. म्हणाला, "तुला माझी किळस येईल, याची भीती वाटत होती. पोटाला मुताची पिशवी लावलेला नवरा. त्यापेक्षा मेलेला बरा, तुझ्या आठवनीत तरी चांगला ऱ्हाईन." तुम्ही एवढे सगळे पुरुष महिनोन्‌महिने बसून माझ्याबद्दल ठरवत होतात, मला काय लागेल, मी काय करेन, कुणाच्या दाराकडे बघेन. एकाने येऊन मला विचारलं नाही. त्यानेसुद्धा नाही. मी त्याला म्हटलं, मला तुझ्या भित्रेपणाची किळस आलीय, पिशवीची येईल तेव्हा सांगेन. तो हसला आणि हसताना नळी ओढली गेली म्हणून कळवळला. आम्ही दोघंही मग रडलो. त्या वॉर्डात पडदासुद्धा नव्हता.

गुठळ्या धुतल्या तेव्हाच बाईंनी ते तुकडे घेतले होते. आजार खाली उतरलेला होता. चुंबळीतून जाणाऱ्या वाटेच्या अस्तरात तो सापडला. त्यांचा अंदाज खरा ठरला याचा त्यांना काही आनंद झाला नाही, त्या नुसत्या खुर्ची ओढून संतोषच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, आता ठेवायचा प्रश्न उरला नाही, प्रोस्टेटही काढू आणि खालची वाटही. मी विचारलं, आम्ही वेळेवर आलो असतो तर? त्या म्हणाल्या, तेव्हाही उतरलेलाच असेल कदाचित, ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण इतके महिने वाया घालवायला नको होते. आधी केमो झालं. केस गेले, तोंड आलं, त्याला भाताचा वास सहन होईना. नवरात्रात ऑपरेशन झालं. काढलेल्या भागाच्या तपासणीत प्रोस्टेटच्या नळ्यांमध्येही आजार निघाला. आजूबाजूच्या बारीक ग्रंथी, जिथे आजार आधी पसरतो, त्या मात्र स्वच्छ होत्या. "ठेवली असती तर आपण आजारच आत ठेवला असता," बाई म्हणाल्या. पुढे काय होईल असं विचारलं तर म्हणाल्या, "तपासत राहू." खोटं काही सांगितलं नाही, म्हणून मला त्यांच्याकडे परत जावंसं वाटतं.

पिशवीची किळस मला आली, तुला खोटं कशाला सांगू. पोटाच्या उजव्या बाजूला आतड्याचं लाल ओलसर बोंड, त्यातून सारखी थेंब थेंब लघवी. पहिल्यांदा पिशवी बदलताना ती माझ्या हातावर, साडीवर सांडली. मी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात घासले. मग आठवडाभर तेच, आणि मग एके दिवशी लक्षात आलं की आपण पिशवी बदलता बदलता रियाच्या फीबद्दल बोलतोय. आता मी तिला कापडाची खोळ शिवते, ब्लाऊजच्या उरलेल्या अस्तराची. त्याला निळी आवडते. तू ऑपरेशननंतर एकदाच आलास, दारातच उभा राहिलास, चहा नको म्हणालास, संतोषने चादर जरा बाजूला केली तर तू मान फिरवलीस आणि फोन आल्याचं नाटक करून गेलास. तो फोन वाजला नव्हता, दादा. भाऊबीजेला मी ताट करून ठेवलं होतं, दुपार टळल्यावर झाकून ठेवलं. तेव्हा ठरवलं होतं की हा भाऊ मला मेला.

परवा गावच्या पोरांनी शेतात पोपटी लावली. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, सगळं मडक्यात. संतोष ऑपरेशननंतर पहिल्यांदा चार माणसांत गेला. आबाजीही होते. कुणी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "काका, इकडं बसा, पन उजव्या अंगाला नको, तिकडं माझी टाकी हाय." सगळे गार. मग तोच आधी हसला. आबाजींनी शेंगा सोलून त्याच्या पानात ठेवल्या. मला त्यांची किळस अजून येते. पण शेंगा त्याने खाल्ल्या.

आता ऐक, हे पत्र का लिहिलं. आज सकाळी मैनावहिनी तुला न सांगता आली होती. क्लास चालू असताना दारात उभी राहिली, पदर तोंडाशी, आणि मुलींसमोर बोलेना. मी तिला मागच्या खोलीत नेलं. तिने सगळं सांगितलं. तुलाही रक्त जातंय. संतोषला जायच्याही आधीपासून जातंय. त्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये तू संतोषच्या कितीतरी आधी आपली बाटली घेऊन गेला होतास, तुझंही तेल पूर्वेला गेलं होतं, आणि तो काढा तू अजून पितोस. वहिनीला धमकी दिलीस म्हणे, भाविकाला सांगशील तर बघ. एकाच खात्यात, एकाच पिवळ्या पावडरीत तुम्ही दोघं उभे होतात, हे मला आजवर कसं सुचलं नाही? मी दुपारीच संतोषला सांगितलं. वाटलं चिडेल. तो उठला आणि टेंपोच्या चाकांतली हवा बघायला गेला. परत येऊन म्हणाला, "बुधवारी बाईंची ओपीडी असते. मी आनतो त्याला. वाटेत मी त्याला पिशवी उघडून दाखवीन, काय असतं ते. बघू दे एकदाचं." त्याने स्वतः बाईंना फोन करून तुझं नाव दिलंय. तुझं वरच्या वर असेल, खाली उतरलं असेल, काही नसेलही. ते आपण कुणीच ठरवायचं नाही, मी नाही, तू नाही. मला तुझा राग आहे, किळसही आहे, ती या पत्राने गेली नाही, आणि तू बरा झाल्यावर मी तुझ्याशी कडाकडा भांडणार आहे. त्यासाठी मला तू जिवंत हवास. बुधवारी सकाळी तो हॉर्न वाजवेल तेव्हा शेताकडे पळू नकोस. मीही टेंपोत आहे.

तुझीच,
भाविका